नव्या ऊर्जासाधनांची पारख : शंका किती, विश्वास किती ?

गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव त्वरिता देवीच्या स्थानामुळे बीड जिल्ह्याबाहेरही परिचित आहे. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि पैठणच्या जायकवाडी धरणाचा उजवा कालवा याच तालुक्यातून माजलगावकडे जातो. असे असले तरी हा प्रदेश पर्जन्यछायेतील आहे. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी कालवा कोरडा राहतो आणि विहिरी तळ गाठतात. कापूस हे येथील प्रमुख नगदी पीक. पाण्याची सोय असेल तेथे ऊस. ज्यांचा निभाव यांपैकी कशावरही लागत नाही अशी हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीसाठी जिल्ह्याबाहेर जातात.

अशा प्रदेशात ऊर्जेचा प्रश्न हा केवळ सोयीचा नसून निर्वाहाचा असतो. रात्रीच्या पाळीत वीज आली की थंडीवाऱ्यात, विंचूकाट्यात पिकाला पाणी द्यावयास जावे लागते. ऐन हंगामात रोहित्र जळाले तर उभे पीक वाळते. घरात गॅसची टाकी आली तरी ती संपल्यावर चुलीसाठी पऱ्हाटी रचून ठेवावीच लागते. म्हणूनच कोणी नवे यंत्र, नवे इंधन किंवा नवी योजना घेऊन आले की ऐकणाऱ्यांची गर्दी होते आणि लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, जग पुढे चालले आहे, आपण मागे का राहावे ? दुसरा म्हणतो, अशी पुष्कळ यंत्रे पाहिली. आज ती गोठ्यामागे गंजत पडली आहेत.

हे दोन्ही तट आपापल्या परीने अनुभवावरच बोलत असतात. तेव्हा अमक्याचे खरे व तमक्याचे खोटे असा निवाडा करण्यापेक्षा, महाराष्ट्राने गेल्या काही दशकांत नव्या ऊर्जासाधनांवर जो पैसा, जी जमीन व जे श्रम लावले त्यांतून काय निष्पन्न झाले हे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

सिद्ध म्हणजे नेमके काय ?

एखादे यंत्र चालते हे सिद्ध होणे आणि ते परवडते हे सिद्ध होणे या दोन निराळ्या गोष्टी होत. याचे एक बोलके उदाहरण मुंबईचे आहे. १८७८ साली विल्यम अॅडम्स या मुंबईतील इंग्रज अधिकाऱ्याने लहान लहान सपाट आरशांची अर्धवर्तुळाकार मांडणी करून सूर्याची उष्णता एका बाष्पकावर एकवटली आणि तिच्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन व पंप चालवून दाखविला. उष्ण कटिबंधात सूर्य हाच इंधनाचा पर्याय होऊ शकतो, असे प्रतिपादन करणारे पुस्तकही त्याने त्याच वर्षी प्रसिद्ध केले. यंत्र चालले, परंतु प्रसार झाला नाही. कोळसा उपलब्ध होता, तो साठवून ठेवता येत होता आणि रात्रीही जाळता येत होता. आरशांचा खर्च मात्र आधी करावा लागे व सूर्य मावळला की इंजिन थांबे. अॅडम्सची कल्पना चुकीची नव्हती. तिच्यासाठी लागणारे स्वस्त साहित्य व तिची निकड या दोन्ही गोष्टी त्या काळी नव्हत्या.

याची दुसरी बाजू बीड जिल्ह्यातच दिसते. कोळशावरील औष्णिक वीजनिर्मिती हे जगातील सर्वांत सिद्ध तंत्र समजले जाते. परळी वैजनाथ येथील औष्णिक केंद्राचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला आणि पुढे टप्प्याटप्प्याने मोठे संच उभे राहिले. औष्णिक केंद्राला कोळशाइतकीच पाण्याचीही गरज असते. वाफ पुन्हा थंड करण्यासाठी पाणी सतत लागते. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळामुळे पाणी न मिळाल्याने १,१३० मेगावॉट क्षमतेचे हे केंद्र बंद ठेवावे लागले. २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. यंत्रात दोष नव्हता, अभियंत्यांच्या कौशल्यात उणीव नव्हती, पाणी नव्हते.

या दोन उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानात येते. तंत्र सर्वकाळी व सर्वत्र सिद्ध असे नसते. ते अमुक काळी, अमुक किमतीला व अमुक ठिकाणी सिद्ध असते. म्हणून 'हे परदेशात चालते' किंवा 'हे गुजरातेत चालते' एवढ्याने तलवाड्याच्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्याचप्रमाणे 'आजवर हेच चालत आले' यानेही मिळत नाही.

गोबरगॅसचा धडा

नव्या ऊर्जासाधनांपैकी खेड्यापर्यंत सर्वांत आधी पोहोचलेले साधन म्हणजे गोबरगॅस. त्याचीही मुळे मुंबईतच आहेत. माटुंगा येथील कुष्ठधामात १८९७ च्या सुमारास मैल्यापासून निघणाऱ्या वायूचा दिव्यांसाठी उपयोग करण्यात आला होता. स्वातंत्र्यानंतर जशभाई पटेल यांनी विकसित केलेल्या तरंगत्या टाकीच्या संयंत्राचा खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६०च्या दशकात पुरस्कार केला. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला आणि अनुदानाच्या साहाय्याने देशभर लक्षावधी संयंत्रे उभी राहिली. त्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा होता. पुणे जिल्ह्यात देहू येथे डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी शौचालयाशी जोडलेली संयंत्रे चालवून दाखविली आणि ग्रामस्वच्छता व इंधन यांची सांगड घातली.

हे तंत्र शास्त्रीय दृष्ट्या निर्दोष आहे. शेण व पाणी समप्रमाणात कालवून हवाबंद टाकीत सोडले की सूक्ष्म जीवाणू त्याचे विघटन करतात व मिथेनयुक्त वायू निघतो. मागे उरलेली स्लरी उत्तम खत ठरते. एक घनमीटर वायूसाठी रोज सुमारे पंचवीस किलो शेण लागते. म्हणजे लहान कुटुंबाच्या दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज पन्नास किलो शेण व जवळजवळ तितकेच पाणी हवे. चार-पाच मोठी जनावरे दावणीला असल्याशिवाय हे जमत नाही.

येथेच हिशेब आणि परिस्थिती यांची फारकत होते. दुष्काळी वर्षात शेतकरी जनावरे बाजारात नेतो अथवा चारा छावणीत बांधतो. शेण छावणीत पडते आणि संयंत्र घरी उपाशी राहते. ऊसतोडीला जाणारे कुटुंब तर बैलांसह चार-पाच महिने गावाबाहेर असते. संयंत्राला मात्र रोजचा घास हवा. काही आठवडे तो मिळाला नाही तर आतील जीवाणूंची साखळी तुटते व सर्व पुन्हा प्रारंभापासून करावे लागते. त्यात लोखंडी टाकी गंजली, नळीला छिद्र पडले आणि दुरुस्ती करणारा गवंडी किंवा कारागीर जवळपास नसला, तर बंद पडलेले संयंत्र बंदच राहते. ज्यांच्या घरी बारमाही जनावरे, पाणी व माणसे होती त्यांच्या घरी मात्र हेच संयंत्र वर्षानुवर्षे चालले आहे.

म्हणजे येथे शंकेखोराचे म्हणणे अर्धेच खरे होते. यंत्र खोटे नव्हते. यंत्राची निवड करताना घराचा विचार झाला नाही. संयंत्र उभे राहिले की उद्दिष्ट पूर्ण झाले असे मानले गेले, पण ते पाचव्या वर्षी चालते काय याची नोंद ठेवण्याकडे तेवढे लक्ष गेले नाही. या अनुभवानंतर घुमटाकार पक्क्या बांधकामाची संयंत्रे पुढे आली व त्यांनी गंजण्याचा प्रश्न पुष्कळसा सोडविला. परंतु शेण आणि पाणी यांची गरज कोणतीही रचना टाळू शकत नाही.

मोगली एरंड : आशा पुढे, पुरावा मागे

गोबरगॅसच्या बाबतीत तंत्र पक्के होते व परिस्थिती अपुरी होती. मोगली एरंड, म्हणजेच जट्रोफा, याच्या बाबतीत तंत्रच कच्चे होते. बियांपासून तेल निघते, त्या तेलाचे डिझेल होते, झाड पडीक जमिनीवर येते, त्याला पाणी लागत नाही व जनावरे तोंड लावीत नाहीत, असे सांगण्यात आले. २००३ साली नियोजन मंडळाच्या समितीने सुमारे १ कोटी १२ लक्ष हेक्टरांवर लागवडीची कल्पना मांडली. २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत शेतकऱ्यांनी बांधावर व माळरानावर ही झाडे लावली.

प्रत्यक्षात काय झाले ? झाड कमी पाण्यात जगते हे खरे होते. परंतु जगणे आणि फळणे यांत अंतर आहे. पाणी व खत न दिल्यास बी फारच थोडे येई. हे झाड पीक म्हणून कधी निवडून, पारखून सुधारलेले नव्हते. त्यामुळे एकाच ओळीतील दोन झाडांच्या उत्पन्नात मोठी तफावत असे. फळे एकाच वेळी पिकत नसल्याने तोडणीसाठी मजूर पुन्हा पुन्हा लावावे लागत. बी गोळा झालेच तर ते घेणारा कारखाना जवळ नव्हता आणि पुरेसे बी नाही म्हणून कारखाना उभा राहत नव्हता. २०१८ च्या नव्या धोरणात जैवडिझेलचे लक्ष्य २०३० पर्यंत पाच टक्के असे खाली आणण्यात आले.

हेतू चांगला होता, तेलाची आयात कमी करण्याची गरजही खरी होती. चूक झाली ती क्रमाची. आधी पाच-सात हंगाम निरनिराळ्या जमिनींवर चाचणी, मग सुधारित वाण आणि त्यानंतर प्रसार असा क्रम हवा होता. येथे प्रसार आधी झाला. ज्या शेतकऱ्याने अर्धा एकर गुंतविला त्याची ती जमीन आणि तीन-चार वर्षे परत आली नाहीत. एखाद्या मोठ्या उद्योगाला असा तोटा ताळेबंदातील एक ओळ वाटेल. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी त्याचा अर्थ मुकादमाकडून घ्यावी लागणारी जादा उचल असा होतो.

पवनचक्की : मोजून टाकलेले पाऊल

याउलट पवनऊर्जेच्या बाबतीत प्रारंभ लहान व मोजका होता. १९८६ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड येथे ५५ किलोवॉटच्या यंत्रांचे ५५० किलोवॉट क्षमतेचे प्रात्यक्षिक पवनक्षेत्र उभारण्यात आले. देशातील अशा पहिल्या काही क्षेत्रांपैकी ते एक होते. सार्वजनिक पैशातून झालेला हा प्रयोग होता. त्यात कोणा शेतकऱ्याची पुंजी अडकली नव्हती. त्याबरोबरच ठिकठिकाणी उंच मनोरे उभारून वाऱ्याचा वेग मोजण्याचे काम चालू राहिले.

वारा मोजण्याला एवढे महत्त्व का, हे समजून घेण्यासारखे आहे. वाऱ्यातील शक्ती ही त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दर सेकंदाला पाच मीटर वेगाऐवजी सहा मीटर वेग मिळाला तर वेगातील वाढ वीस टक्के, पण शक्तीतील वाढ सुमारे त्र्याहत्तर टक्के असते. तेव्हा 'येथे वारा बरा असतो' या अंदाजावर कोट्यवधी रुपये लावणे धोक्याचे आणि वर्षभराच्या नोंदींवर लावणे शहाणपणाचे. अशा नोंदी हाती आल्यानंतर १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी, वनकुसवडे यांसारख्या पठारांवर खाजगी गुंतवणूक आली. आज बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या रांगांवरही पवनचक्क्या फिरताना दिसतात व त्यांतील एकेका यंत्राची क्षमता देवगडच्या संपूर्ण क्षेत्राहून अधिक आहे.

तथापि या यशालाही एक उणी बाजू होती. आरंभी उद्योजकांना मुख्य सवलत आयकरात होती. यंत्र उभारले की पहिल्याच वर्षी त्याच्या संपूर्ण किमतीइतका घसारा वजा करता येई. त्यामुळे यंत्र उभे करण्यात जेवढा लाभ होता तेवढा ते उत्तम चालविण्यात नव्हता. २००९ साली केंद्र शासनाने प्रत्यक्ष निर्माण झालेल्या प्रत्येक युनिटामागे पन्नास पैसे प्रोत्साहन देण्यास प्रारंभ केला तो याच कारणाने. सवलत कशासाठी द्यावयाची, उभारणीसाठी की उत्पादनासाठी, या एका निर्णयावर पुष्कळ काही अवलंबून असते.

सूर्य स्वस्त कसा झाला ?

शंका घेणाऱ्यांचे अंदाज पूर्णपणे चुकविणारे साधन म्हणजे सौर विद्युत. २०१० मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेचा दर युनिटाला १७ रुपये ९१ पैसे ठरविला होता. त्या वेळी ही वीज गरीब देशाला परवडणारी नाही असे कोणी म्हटले असते तर ते त्या दिवशीच्या हिशेबाने बरोबरच होते. २०१७ च्या मे महिन्यात राजस्थानातील भडला येथील लिलावात हाच दर २ रुपये ४४ पैशांवर आला.

एवढी घसरण कशामुळे झाली ? सौर पट्टिका हे कारखान्यात तयार होणारे, लहान व एकसारखे घटक जोडून बनणारे साधन आहे. कोट्यवधी घटक बनविताना प्रत्येक टप्प्यावर काही ना काही सुधारणा होते. जगातील एकूण उत्पादन दुप्पट झाले की किंमत सुमारे एक पंचमांशाने उतरते, असा अनेक दशकांचा अनुभव आहे. उलट पऱ्हाटी, उसाचे पाचट किंवा तेलबिया यांवर चालणाऱ्या साधनांचे तसे नसते. कारखाना उभा राहिला की कच्च्या मालाला मागणी येते, मागणीबरोबर त्याचा भाव चढतो, अंतर वाढले की गाडीभाडे वाढते. जी वस्तू कालपर्यंत कचरा समजली जात होती तिला उद्या दर द्यावा लागतो. म्हणून 'सौर वीज स्वस्त झाली, तसे हेही होईल' हा युक्तिवाद सर्व साधनांना सारखा लागू होत नाही.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. किंमत आपोआप उतरली नाही; प्रारंभीच्या महाग काळात कोणीतरी ती वीज विकत घेतली म्हणून उतरली. जर्मनी, जपान, चीन आदी देशांनी तो भार मोठ्या प्रमाणावर उचलला. भारतानेही २०१० च्या राष्ट्रीय सौर अभियानात आपला वाटा उचलला, पण बेताने. पहिल्या टप्प्याची मर्यादा आखून घेतली, लिलावाने दर ठरविले आणि महाग सौर वीज स्वस्त औष्णिक विजेत मिसळून वितरण कंपन्यांना दिली. आशा होती, पण तिला कुंपणही होते.

जोखीम कोणाच्या शिरावर ?

यावरून गुंतवणुकीचा एक साधा दंडक निघतो : प्रयोग फसला तर त्याचा तोटा ज्याला सोसवेल त्यानेच प्रयोगाचा खर्च करावा. प्रयोगशाळेतील संशोधन व पहिली प्रात्यक्षिके यांवर सार्वजनिक पैसा खर्च होणे योग्य आहे. दहांतील आठ प्रयोग फसले तरी उरलेल्या दोहोंचा लाभ सर्व समाजाला मिळतो. प्रात्यक्षिक यशस्वी झाल्यानंतर उद्योजक व सहकारी संस्था यांनी पुढे यावे. लहान शेतकऱ्याने आपली पुंजी सर्वांत शेवटी, दुरुस्तीची सोय व विमा हाताशी आल्यावर लावावी. मोगली एरंडाच्या वेळी हा क्रम उलटा झाला.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची रचना यादृष्टीने पाहण्यासारखी आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या व २०२३ मध्ये नव्या स्वरूपात मांडलेल्या या योजनेत शेतीच्या वाहिन्यांना वीज देणाऱ्या उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभारले जातात, जेणेकरून शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी. प्रकल्पाचे भांडवल विकासक घालतो आणि त्याला मोबदला मिळतो तो प्रत्यक्ष दिलेल्या युनिटांवर. प्रकल्प बंद तर मोबदलाही बंद. यासाठी जमीन भाडेपट्ट्याने देणाऱ्यास हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये व दरवर्षी तीन टक्के वाढ अशी तरतूद आहे. पड जमीन असलेल्यासाठी ही यंत्रात पैसा न गुंतविता मिळणारी आवक होय. मात्र दीर्घ मुदतीचा करार करण्यापूर्वी मुदत, वारसांचे हक्क व करार संपल्यावर जमीन पूर्ववत करून देण्याची जबाबदारी यांविषयीची कलमे नीट वाचली पाहिजेत.

ज्यांना स्वतंत्र सौर पंप हवा त्यांच्यासाठी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांचा पाच टक्के ठेवण्यात आला आहे. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा, पाच एकरांपर्यंत पाच अश्वशक्तीचा व त्याहून अधिक क्षेत्रास साडेसात अश्वशक्तीचा पंप असे प्रमाण आहे. पाच वर्षांची दुरुस्ती हमी व विमा यांचा त्यात समावेश आहे. हमीपत्र जपून ठेवणे व बिघाडाची तक्रार वेळीच नोंदविणे हे मात्र शेतकऱ्याच्याच हाती आहे. गोबरगॅसच्या गंजलेल्या टाक्यांची आठवण येथे ठेवलेली बरी.

सौर पंपाविषयीची खरी शंका यंत्राविषयी नसून पाण्याविषयी आहे. विजेचे बिल नाही व डिझेलचा खर्च नाही, म्हणजे सूर्य आहे तोवर पंप चालू ठेवण्यास खर्चाचा अटकाव उरत नाही. ज्या शिवारात विंधन विहिरी आधीच खोल खोल जात आहेत तेथे सर्वांनी दिवसभर उपसा केला तर काही वर्षांनी उत्तम यंत्र आणि कोरडी विहीर अशी अवस्था येईल. ठिबक सिंचन, पीकपद्धतीत बदल, जलपुनर्भरण आणि गावाने मिळून केलेला पाण्याचा ताळेबंद यांची जोड नसेल तर सौर पंपाचा लाभ टिकणार नाही. परळीने जे मोठ्या प्रमाणावर शिकविले तेच येथे लहान प्रमाणावर लागू आहे.

उद्याची साधने

आज दोन नव्या साधनांची चर्चा विशेष आहे. पहिले म्हणजे शेतातील टाकाऊ पदार्थ व गवत यांपासून मिळणारा संपीडित बायोगॅस. केंद्र शासनाने १ ऑक्टोबर २०१८ रोजी 'सतत' उपक्रम सुरू केला तेव्हा काही वर्षांतच पाच हजार प्रकल्पांचे उद्दिष्ट होते. ठरलेल्या मुदतीत त्याचा लहानसा भागच प्रत्यक्षात आला. कच्च्या मालाची बारमाही जुळवणी, खताची विक्री आणि भांडवल या अडचणी अद्याप पूर्णपणे सुटलेल्या नाहीत. तेव्हा विशिष्ट गवत लावा, आगाऊ भाग-भांडवल भरा, इंधनाचा कारखाना नंतर उभा राहील, असे कोणी गावात येऊन सांगितल्यास मोगली एरंड आठवावा. कारखाना उभा राहून चालू झाल्यावर त्याला गवत विकणे ही वेगळी गोष्ट आहे.

दुसरे म्हणजे हरित हायड्रोजन. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले व त्याच वर्षी महाराष्ट्राने आपले धोरण जाहीर केले. अपारंपरिक विजेच्या साहाय्याने पाण्याचे पृथक्करण करून हायड्रोजन मिळवावयाचा, ही यामागील कल्पना. एक किलो हायड्रोजनसाठी पन्नासहून अधिक युनिट वीज आणि किमान नऊ लिटर शुद्ध पाणी लागते. पोलाद व खत कारखान्यांसाठी या इंधनाचे महत्त्व मोठे ठरू शकते आणि त्यावरील प्रयोगांत सार्वजनिक पैसा गुंतविणे गैर नाही. परंतु प्रकल्प कोठे उभारावा हे ठरविताना दुष्काळी खोऱ्यातील पाण्याचा हिशेब अगोदर व्हावयास हवा.

गावाने विचारावयाचे प्रश्न

कोणतेही नवे ऊर्जासाधन पुढे आले असता ग्रामसभेने वा शेतकऱ्याने काही प्रश्न अवश्य विचारावेत. पहिला प्रश्न, आपल्यासारख्याच पावसाच्या व जमिनीच्या गावी हे साधन तीन वर्षे चाललेले कोठे पाहावयास मिळेल ? दुसरा, त्याला रोज काय लागते : पाणी, शेण, माणसाचा वेळ ? दुष्काळात आणि ऊसतोडीच्या हंगामात ते मिळेल काय ? तिसरा, बिघडल्यास कोण, किती दिवसांत व कोणाच्या खर्चाने दुरुस्त करील ? चौथा, सांगणाऱ्याला मोबदला उभारणीवर मिळतो की उत्पादनावर ? पाचवा, सर्व फसले तर आपले किती जाईल आणि जमीन मोकळी होईल काय ? पाण्यावर चालणारे इंजिन किंवा इंधनाशिवाय अखंड फिरणारे जनित्र असे काही कोणी दाखवीत असल्यास मात्र एवढ्या प्रश्नांचीही गरज नाही. ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही, हा निसर्गाचा नियम शाळेतील मुलालाही ठाऊक आहे.

या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली तर मागे राहण्याचे कारण नाही. केवळ शंकेने चालायचे ठरविले असते तर देवगडला पवनचक्की उभी राहिली नसती आणि सतरा रुपयांची सौर वीज अडीच रुपयांवर आलेली दिसली नसती. केवळ आशेवर विसंबल्यास काय होते हे माळरानावरील मोगली एरंडाने दाखविले आहे. शेतकरी पेरणीपूर्वी बियाणे मूठभर घेऊन ओल्या गोणपाटात उगवण तपासतो; शंभरांत किती दाणे उगवले ते मोजतो आणि मगच पोते फोडतो. हीच रीत नव्या ऊर्जेच्या बाबतीत शासनाने, उद्योगाने आणि गावाने पाळावी. मूठभर बियाणे तपासण्याचा खर्च सर्वांनी मिळून करावा, आणि उगवण बरी दिसली की पेरणीला उशीर करू नये.